मथुरामायचा विमा

वैशाखातल्या दुपारी आभाळाची मावळतीकडची कड तांबूस झाली, की मथुरामाय हातातलं काम टाकून अंगणात यायची. पदर डोक्यावरून घट्ट ओढून खिंडीकडे बघायची आणि आत वळून नवऱ्याला सांगायची, "जवाई निघाले बरं. भांडे आत घ्या."

वाऱ्याला ती जवाई म्हणायची. तिचं म्हणणं असं, की तोही उन्हाळ्यातच येतो, न कळवता येतो, त्याला जा म्हणता येत नाही, आणि जाताना घरातलं काहीतरी घेऊन जातो. तिला तीन लेकी होत्या, म्हणजे खरे जावईही तीन. थोरला एकदा ओसरीवर जेवायला बसला असताना तिनं अंगणातून अशीच हाक दिली. त्या बिचाऱ्याला वाटलं आपल्यालाच म्हणते, त्यानं ताटावरून हात काढला. मथुरामाय धावत आली आणि म्हणाली, तुम्ही जेवा, मी तुमच्या मोठ्या साडूला म्हणून राह्यली. तेव्हापासून तिचे तिन्ही जावई वाऱ्याला 'मोठे साडू' म्हणायला लागले. पत्रात सुद्धा विचारायचे, मोठे साडू येऊन गेले का.

आमचं गाव धाड या बाजारगावाच्या वर, टेकाडाच्या खांद्यावर आहे. समोर खिंड. उन्हाळ्याच्या शेवटी जे वादळ येतं त्याला आमच्याकडे वावधन म्हणतात. खालच्या गावांत ते धूळ उडवतं आणि पुढे जातं. आमच्याकडे खिंडीतून फुंकणीतून आल्यासारखं येतं. पूर्वी घरं धाब्याची होती, मातीच्या सपाट छपराची. धाबं वाऱ्याला जुमानत नाही, पण पावसात जागोजाग गळतं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हा टिनपत्रे यायला लागले आणि सगळ्यांना टिनाची हौस आली. टिन गळत नाही. टिन उडतं. एक गेलं आणि दुसरं आलं. खिंडीच्या तोंडावरची शेवटची गल्ली आमची. दहाबारा घरं, सगळी टिनाची, आणि प्रत्येक टिनावर दगड ठेवलेले.

मी त्या गल्लीत लग्न होऊन आले. मथुरामायचं घर आमच्या समोर. मला बोलायला फार येत नाही. पण मथुरामायला बोलणारं माणूस लागतच नव्हतं, ऐकणारं लागायचं. म्हणून आमचं जमलं.

ती उंच, काटक, उन्हानं रापलेली. पायात कधी चप्पल नाही. लुगड्याचा काठ कायम ओला, कारण सकाळपासून वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात उभी. हसताना आधी तिचे खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यांत शेवटी यायचा. पण आला की चार घरांना ऐकू जायचा. नवरा हरिबुवा तिच्या अगदी उलट. त्यांना काही विचारलं तर ते इतका विचार करायचे, की विचारणारा आपलं काम विसरून जायचा. शेवटी मथुरामायच उत्तर द्यायची आणि त्यांच्याकडे बघून म्हणायची, "हाव ना हो?" मग बुवा म्हणायचे, "हाव." इतकाच त्यांचा संसार, पण कधी भांडण ऐकू आलं नाही.

धाडच्या बाजारात तिच्याजवळ बसायला मजा यायची. ती आधी भाव सांगत नसे. गिऱ्हाइकालाच विचारायची, तुले काय वाटते. एखाद्या नव्या सुनेनं जास्त भाव सांगितला तर तिलाच रागवायची, की एवढे कोणी देते का, घरी सासू हाय का नाही तुले. आणि भाव उतरवून द्यायची. कोणी फारच पाडून मागितलं तर त्याच्याशी बोलायची नाही. हातातल्या वांग्याशी बोलायची. "ऐकलं का बाई? तुह्यी हे किंमत केली यायनं. पानी मी घातलं, उन्ह तू सोसलं, आन् किंमत यायनं केली." आजूबाजूचे हसायला लागले की गिऱ्हाईक ओशाळून नीट भाव सांगायचं.

एका वर्षी वावधनात तिच्या घरावरची दोन टिनं गेली. एक ओढ्यात सापडलं. दुसरं रशीदचाचांच्या मळ्यात, विहिरीजवळ पडलं. रशीदचाचा आमच्याच गल्लीतले, बादल्या आणि कंदील दुरुस्त करायचे, शेळ्या पाळायचे. मथुरामाय टिन आणायला गेली तर त्यांची शेळी त्याच टिनाच्या आडोशाला व्यालेली. टिन विहिरीच्या कठड्याला तिरपं टेकलं होतं, खाली सावली, आणि सावलीत दोन ओली पिल्लं उभं राहायचा प्रयत्न करत होती. चाचा म्हणाले, मथुराबहन, शेळी हलवतो, तुम्ही टिन घेऊन जा. ती खाली बसली, पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाळंतिणीचं छत कोनी काढते का, चाचा? राहू द्या. मले आभाळाचं हाय."

पिल्लं उड्या मारायला लागेपर्यंत तिनं टिन आणलं नाही. तोवर घराच्या एका कोपऱ्यावर गोधडी बांधलेली. बुवांना विचारलं, हाव ना हो? बुवा म्हणाले, हाव.

तिची धाकटी लेक शांता मेहकरला दिली होती. लग्नानंतरच्या दिवाळीला आली तेव्हा तिला दिवस असल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मथुरामायनं बोटांवर महिने मोजले आणि मोजता मोजता तिचं बोट थांबलं. वैशाख सरता सरता. नेमकं वावधनाच्या दिवसांत.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. स्वतःच्या डोक्यावर आभाळ घेऊन ती हसत बसली असती, पण लेकीच्या अन् तान्ह्या जिवाच्या डोक्यावरचं टिन उडालं तर? आदल्या वर्षी टिन गेलं तेव्हा घरभर धूळ, चुलीतले निखारे घरात फिरलेले. ते तिला आठवायचं. वांगी तोडताना मला म्हणायची, "टिन नवं असो का जुनं, मले त्याचं काई नाही. फक्त ते त्या दिसाले जागेवर असलं पाहिजे."

पौषात हरिबुवा कापूस घेऊन चिखलीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेले. ही बैलगाडीत बसून सोबत गेली. तिथं गंजीचा डोंगर बघून तिनं हमालाला विचारलं, की बाबा, एक ठिणगी पडली तर याचं काय? हमाल म्हणाला, याचा विमा आहे. तिला वाटलं विमा म्हणजे एखादा अंगाराधुपारा, ज्यानं कापूस पेटतच नाही. तिनं विचारलं, कोण्या बाबाचा? मग तिथल्या मुनिमानं समजावलं, की पेटायचा तो पेटतो, पण दर साली थोडं थोडं भरलेलं असतं म्हणून कंपनी भरपाई देते. हे तिला अंगाऱ्यापेक्षा जास्त आवडलं. घरी आल्या आल्या माझ्याकडे आली. कापसाले विमा हाय, म्हणाली, मंग घराले काऊन नाही?

पुढच्या फेरीला तिनं चिखलीत एक विमेवाला शोधून काढला. तो माणसांचे विमे उतरवणारा निघाला. घराचं त्याच्याकडे नव्हतं. पण गिऱ्हाईक दारात आलेलं, त्याला सोडवेना. तो म्हणाला, मावशी, घराचं राहू द्या, बुवांचा उतरवून घ्या. मथुरामायनं बुवांकडे नीट पाहून घेतलं. म्हणाली, "यायचा कायले? हे तं वावधनात बी जागचे हालत नाही." बुवा सुद्धा हसले म्हणे. ते पाहायला मी तिथं असायला हवं होतं.

त्यानंच पत्ता दिला, की बुलढाण्याला एक साहेब आहेत, ते दुकानांचे, घरांचे विमे करतात. मग मथुरामाय एसटीनं बुलढाण्याला गेली. सोबत वांग्यांची टोपली. साहेब जेवायला घरी गेले होते, तर ही त्यांच्या कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. साहेब आले तेव्हा अर्धी वांगी तिनं पायरीवरच विकली होती. उरलेली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, माझ्या घराचा विमा करा. साहेबांनी गावाचं नाव ऐकलं आणि म्हणाले, बघायला यावं लागेल. आणि ते खरंच आले.

विम्याचे साहेब म्हणजे किरकोळ अंगाचे, चष्म्याचे, डोक्यावर खाकी टोप. धाडला उतरून टेकाड चढून आले होते, म्हणून आधी त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी मथुरामायचं घर पाहिलं. मातीची भिंत, लाकडी वासे, वासे पोखरलेले, खिळे गंजलेले, वर दगड. नंतर खिंडीकडे पाहिलं, आणि खिंडीकडे पाहतच राहिले.

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी फसवाफसवी केली नाही. म्हणाले, आगीचा विमा वेगळा आणि वादळाचा वेगळा. जिथं वादळ कधीतरी येतं तिथं वादळाचा स्वस्त, जिथं दर साली येतं तिथं महाग. मथुरामाय म्हणाली, म्हणजे ज्याले गरज नाही त्याले सस्ता? साहेब म्हणाले, तसंच आहे बाई. मग त्यांनी दर साली भरायचा आकडा सांगितला. आम्ही बाया ओसरीच्या आडून ऐकत होतो. मथुरामायचे खांदे हलायला लागले.

"एवढ्यात तं मी दर साली नवं टिन घालीन, साहेब, आन् जुनं जवायाले आंदन देईन."

साहेबांनाही हसू आलं. जाता जाता त्यांनी एक वाट सांगितली. एकट्या घराचं कंपनी ऐकणार नाही. पण सगळी गल्ली मिळून आली, सगळ्यांनी टिनं लोखंडी आकड्यांनी वाशांना आवळली, आणि टिनांवरचे दगड काढले, तर मी वर विचारून बघतो, थोडं स्वस्तात बसेल. दगड का काढायचे, तर कंपनी दगडाला बांधणं समजत नाही. उलट वादळात दगड पडून माणूस मरायचं. पुन्हा पाहणीला यायचा दिवस त्यांनी ठरवून दिला. वैशाखातला.

मग मथुरामायनं गल्ली पालथी घातली. सगळ्यांत कठीण आमचंच घर. माझ्या सासूबाई म्हणाल्या, आमच्या टिनावरचे दगड माझ्या सासऱ्यानं ठेवले, मी उतरवायची नाही. मथुरामाय म्हणाली, "बाई, तुमचे सासरे सरगात गेले तवा कोनाले इचारून गेले? दगड तं निस्ते खाली येऊन राह्यले." सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी हो म्हणाल्या. रशीदचाचांनी आकडे ठोकून दिले. जुन्या बादल्यांच्या कड्या, गाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे, जे मिळालं त्याचे. दिवसभर ठणठण चालायची. मथुरामाय प्रत्येकाच्या दारात उभी राहून सांगायची, शांती यायच्या आत झालं पाहिजे. जणू सगळ्या गल्लीचंच बाळंतपण होतं.

शांता आली. पोट पुढे, चेहरा भरलेला. आणि ठरलेल्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या माणसांनी टिनांवरचे दगड उतरवले. साहेबांना नीटनेटकं दिसावं म्हणून गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली सगळ्यांचे दगड एकत्र रचून ठेवले. छान चौकोनी ढीग झाला. कोणीतरी त्यावर कण्हेरीचं फूलही वाहिलं. बायांनी सडा घातला, रांगोळ्या काढल्या. दगडाशिवाय आमची घरं कशी दिसतात ते आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. डोकं उघडं टाकून बसल्यासारखी दिसत होती.

वावधनाच्या दिवसांत टिनावरचे दगड उतरवणारी आमच्याइतकी शहाणी माणसं जगात दुसरी नसतील. पण त्या दिवशी एकाच्याही मनात ते आलं नाही. सगळ्यांचं लक्ष साहेबांकडे.

साहेब दुपारी आले. मथुरामायच्या अंगणात बाज टाकली होती. चहा झाला, चिवडा पुढे आला. एकदोन घरं बघून ते परत बाजेवर टेकले आणि आकडे चांगले आहेत म्हणाले. रशीदचाचांची मान ताठ झाली. तेवढ्यात मथुरामाय चूल सोडून अंगणात आली आणि पदर घट्ट ओढून खिंडीकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, चिवडा खिशात घाला. जवाई निघाले."

साहेब घाईघाईनं उठले, टोप नीट केला आणि कोण पाहुणे येतात ते बघायला रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. वावधन त्यांना पाठीमागून भेटलं.

टोप पहिला गेला. मग रांगोळ्या. मग एकदम सगळीकडे धूळ आणि टिनांचा आवाज. माणसं लिंबाखालच्या ढिगाकडे धावली, पण दगड उचलून शिडी चढून वर ठेवायला वेळ कुठला? आकड्यांनी टिनं धरून ठेवली होती, पण टिनांच्या कडा उचलायला लागल्या. शांता आत होती. मथुरामायच्या घराचा खिंडीकडचा कोपरा वर उठला, खाली बसला, पुन्हा वर उठला. आणि आम्ही पाहतो तर हरिबुवा शिडीवर. ज्या माणसाला अंगणातून ओसरीवर यायला वेळ लागायचा, तो माणूस टिनावर चढला आणि त्या कोपऱ्यावर हात पसरून पालथा पडला. मथुरामायनं बाजेची दोरी सोडवली, एक टोक वर बुवांकडे फेकलं, दुसरं साहेबांच्या हातात दिलं. म्हणाली, "सोडू नका, आत पोरगी हाय."

साहेबांनी सोडलं नाही. दोरीबरोबर फरफटत गेले, चष्मा नाकावरून घसरून एका कानाला लोंबकळत होता, पण दोरी सोडली नाही. बुवांचं बघून बाकीचे चढले. ज्याला जे घर जवळ त्यावर तो. रशीदचाचा स्वतःचं सोडून मथुरामायच्याच टिनावर, बुवांच्या पायांशी. आपलं कोणतं न दुसऱ्याचं कोणतं हे पाहायला वेळ नव्हता. जिथं दगड होते तिथं माणसं बसली होती. आमच्या घरावर चढायला कोणी उरलं नाही. आमची टिनं एकामागून एक उठली आणि पानं उलटावीत तशी गेली. सासूबाई अंगणात उभ्या राहून वाऱ्याला आणि स्वर्गातल्या सासऱ्यांना एकदमच बोलत होत्या.

आलं तसं गेलं. धूळ खाली बसली. टिनांवर माणसं तशीच. सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे झालेले, कोण कुठला ओळखू येईना. बुवा अजून पालथेच. मथुरामाय आत जाऊन शांताला बघून आली. शांता उतरंडीच्या आडोशाला बसून शांतपणे चिवडा खात होती. मथुरामाय बाहेर आली, साहेबांच्या हातातली दोरी सोडवून घेतली, वर बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मग सगळी गल्लीच हसली. टिनांवर बसून माणसं हसत होती आणि टिनं खालून वाजत होती. शेवटी सासूबाईही हसल्या. छप्पर नसलेल्या घराच्या दारात उभ्या राहून.

साहेबांनी चष्मा पुसला. माणूस खरा होता. म्हणाले, मथुराबाई, मी जे पाहिलं ते लिहिलं तर कंपनी या गल्लीचा विमा कधीच करणार नाही, आणि खोटं मला लिहिता येत नाही. मथुरामाय म्हणाली, लिहू नका. मीही तुमच्या जागी असते तर दिला नसता. मग तिनं विचारलं, तुमच्या घरावर काय आहे? ते म्हणाले, कौलं.

"मंग कधी वावधन आलं तं निरोप धाडजा. आमी येऊ धराले."

साहेब ओंजळीनं पाणी प्यायले आणि उघड्या डोक्यानं टेकाड उतरून गेले. टोप नंतर पोळ्याच्या सुमारास सापडला, तुरीच्या वावरात. मथुरामायनं तो वांग्यांच्या वाफ्यात काठीवर लावून ठेवला.

इकडे त्याच संध्याकाळी दगड परत वर ठेवायचे, तर ढिगात कोणाचे कोणते कळेना. त्यावरून जी भांडणं झाली ती वावधनापेक्षा मोठी. एक फुटक्या जात्याची तळी होती. ती सासूबाई म्हणाल्या आमची, गल्लीतली गिरजाबाई म्हणाली आमची, आणि दोघींनी ती दोन्ही बाजूंनी धरलेली. मथुरामाय मधे गेली, तळी दोघींच्या हातून घेतली आणि नेऊन रशीदचाचांच्या टिनावर ठेवायला लावली. मग ढिगापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आता हे असंच. ज्याच्या हाती जो येईन तो, ज्याच्या टिनावर बसन त्याच्यावर. तुह्या टिनावर माह्या दगड हाय, तं तुह्यं टिन उडालं म्हंजे माह्यं उडालं. मी जेवत असली तं ताट सोडून येईन. आपला विमा कंपनी नाही करत, तं आपनच कंपनी."

त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गिरजाबाई तर पुटपुटत होती. पण माणसं दगड उचलायला लागली. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली वावरांतून आमची टिनं गोळा करत फिरली. काही दुमडलेली रशीदचाचांनी ठोकून सरळ केली. दिवस मावळायच्या आत आमचं घर झाकलं होतं आणि त्यावर प्रत्येक घरचा दगड होता. सासूबाईंनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. मथुरामायला वाटताना हात थोडा जास्त भरला.

शांता काही दिवसांनी एका सकाळी बाळंत झाली. वर टिन जागेवर होतं. मथुरामाय बाहेर येऊन हात पुसत उभी राहिली. कोणीतरी विचारलं, काय झालं? म्हणाली, "पोरगी. म्हंजे अजून एक जवाई वाढला."

नंतर ती रीतच पडली. गल्लीत कोणी नवीन घर बांधलं की प्रत्येक घर एक दगड नेऊन द्यायचं. त्याला आम्ही विमाच म्हणायचो. नव्या सुनांना खरंच वाटायचं, की विमा म्हणजे टिनावरचा दगड. एकदा गिरजाबाईचा मुलगा वावधनात जेवून गाढ झोपला आणि शेजाऱ्याच्या मदतीला गेला नाही. संध्याकाळी दार उघडतो तर लोकांच्या टिनांवरचे त्याच्या घरून गेलेले सगळे दगड उंबऱ्यासमोर ओळीनं ठेवलेले. मथुरामायनं ठेवायला लावले होते. तो पठ्ठ्या हसला, पागोटं बांधलं, एकेक दगड खांद्यावर घेऊन घरोघरी परत देऊन आला, आणि प्रत्येक घरी चहा प्यावा लागला म्हणून रात्री जेवलाच नाही. असं म्हणतात, की त्यानंतर तो वैशाखात दुपारी कधी झोपला नाही.

हरिबुवा गेले तेव्हा मथुरामाय बरेच दिवस बोलायची आणि मधेच थांबायची. हाव ना हो म्हणून झाल्यावर. मग पुढे बोलायची. पुढे शरीर थकलं तशी शांता तिला मेहकरला घेऊन गेली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तिथं. एका लग्नाला मेहकरला गेले होते, तर रात्री शांताकडेच मुक्काम केला. शांताच्या मालकांनी नव्या वस्तीत पक्कं घर बांधलं होतं, वर सिमेंटचा स्लॅब. सगळी वस्ती तशीच, एकासारखं एक घर, दारं लावलेली. मथुरामाय वाकली होती, ऐकायला कमी यायचं, पण हसताना खांदे तसेच. दिवसभर मला गावचं विचारत राहिली. कोणाच्या घरी काय, वांगी कशी आली. माझं थोडं बोलून झालं की बाकीचं तीच सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. तिकडे खिंड नाही, पण वारा चांगला मोठा होता. खिडक्या आपटल्या, बाहेर धूळ. शांता म्हणाली, मायला ऐकू कमी येतं, आज तरी झोपली असेल. आम्ही खिडक्या लावत होतो. वरचा स्लॅब हलायचा प्रश्नच नव्हता. वारा पडला तसं पाहिलं तर खाटेवर माय नाही, आणि पुढचं दार उघडं.

मी दारात आले. ती काठी टेकत रस्त्यानं चालली होती. पायात चप्पल नाही, पदर खांद्यावरून घसरलेला, पांढरे केस सुटलेले. पहिल्या घराचं दार वाजवलं. कोणीतरी उघडलं, तिनं काहीतरी विचारलं, मान हलवली आणि पुढच्या दाराकडे गेली. शांता माझ्या मागे येऊन उभी राहिली. हसत म्हणाली, दर वेळी असंच करते, लोकांना आता सवय झाली. तिला आणायला मी निघाले, पण मग थांबले.

चौथ्या घरी कोणी नवीन राहायला आलेलं असावं. दार थोडं उघडलं आणि एका तरुण बाईनं अर्धं तोंड बाहेर काढून विचारलं, कोण पाहिजे आजी?

मथुरामायनं आधी घराच्या वर पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोनी नाही पाह्यजे, बाई. वावधन आलं व्हतं, म्हनून आली. सगळे घरात हायेत ना?"